पाच अक्षरांचं पान

छत्रपती संभाजीनगर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. बाबांना जाऊन नऊ महिने झाले आणि तुझा हा पहिला कागद. त्यात एकच प्रश्न आहे. शेवटी बाबांनी तुला बोलावलं होतं का? फोन करू नकोस, लिहून कळव, असंही लिहिलं आहेस. मला पत्रांची सवय नाही. वाळूजला कंपनीत तपासणीचे रिपोर्ट लिहितो, तेवढंच माझं लिखाण. पण विचारलं आहेस तर सांगतो.

गळ्यात नळी बसवल्यानंतर तू बाबांना पाहिलं नाहीस. त्यामुळे ते कसे बोलायचे हे आधी सांगायला हवं. त्या आजारात आधी आवाज गेला, मग हात गेले. डोळे तेवढे राहिले. दवाखान्यातून इंग्रजी अक्षरांचा एक तक्ता दिला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचं आणि हवं ते अक्षर आलं की बाबा डोळे मिटायचे. एका शब्दाला दहा मिनिटं लागायची आणि तेवढ्यात ते थकून जायचे. मी मराठीचा तक्ताही करून पाहिला. काना, मात्रा, वेलांट्या धरून तो आणखी लांबला.

मग मला बाबांची लांब वही आठवली. शब्दकोड्यांसाठी तीस वर्षं भरत आणलेली. तीन अक्षरी इंग्रजी शब्द वेगळे, चार अक्षरी वेगळे, पाच अक्षरी वेगळे, असं अकरापर्यंत, आणि प्रत्येक भागात पहिल्या अक्षराप्रमाणे रांगा. रविवारी तुम्ही दोघं ती घेऊन बसायचा. मला ती कधी लागली नव्हती. आता मी आकडे म्हणायचो, एक, दोन, तीन. शब्द जितक्या अक्षरांचा असेल तिथं बाबा डोळे मिटायचे. मग तक्त्यावर पहिलं अक्षर. मग वहीतलं ते पान काढायचं आणि शब्द वाचत खाली जायचं. पाच अक्षरं, डब्ल्यू, वॉटर. मिनिटभरात कळायचं. पुढं दीड वर्ष बाबा या घरात असेच बोलले.

आता तुझा प्रश्न. वहीत माणसांची नावं नाहीत. कोड्यात ती चालत नाहीत म्हणून बाबांनी कधी लिहिली नाहीत, हे तुला माहीत आहे. त्यामुळे तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला एवढंच सांगता येईल.

आईचे गुडघे दुखतात. बाकी ती बरी आहे.

तुझा,
श्रीरंग


३ डिसेंबर २०२५

ती. ताईस,

मी "नाव घेतलं नाही" असं लिहिलं, "बोलावलं नाही" असं लिहिलं नाही, हे तू बरोबर पकडलंस. रोजनामा ठेवला असेल तर त्याची नक्कल पाठव, असंही तू मागितलंस. तो ठेवला होता हे तुला कुणी सांगितलेलं नसणार. तू ओळखलंस.

हो, ठेवला होता. बाबांनी अदालत रोडच्या कोर्टात एकतीस वर्षं स्टेनोचं काम केलं. जे समोर घडलं ते त्याच दिवशी कागदावर यायला हवं, ही सवय आजारातही सुटली नाही. तारीख टाकून बाबा जे जे शब्द बोलले ते मी एका वहीत उतरवायचो. मी दुसरी पाळी मागून घेतली होती. दुपारी कामावर निघण्याआधी कालपासूनचं सगळं त्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी डोळे मिटले की खाली रेघ मारायची. डोळे मिटणं ही त्यांची सही. एकदा मी "लाइट" लिहायचं विसरलो तर त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. तक्ता आणायला लावला, पाच अक्षरं, एल. शब्द लिहून घेतला तेव्हा सही झाली.

सोबत झेरॉक्स पाठवतो आहे, १६ जानेवारी २०२५ पर्यंतच्या. त्यापुढची वही सापडत नाही.

वाचताना तुला काही जागा कळणार नाहीत. तक्त्यावर बोट मालनबाई फिरवायच्या आणि वही मी धरायचो. मालनबाई देवगाव रंगारीच्या, पन्नाशीच्या. दिवसभर बाबांचं करायला त्यांना ठेवलं होतं. इंग्रजी अजिबात नाही, पण आठ दिवसांत त्यांनी अक्षरांना आपली नावं पाडली. ए म्हणजे शिडी. टी म्हणजे विजेचा खांब. आर म्हणजे पोट सुटलेला माणूस, एक पाय पुढं टाकून उभा. सकाळी तक्ता घेऊन बसल्या की म्हणायच्या, "चला कोर्टसायेब, पुकारा झाला. बोला."

१२ मार्च २०२४ ला नऊ अक्षरी एक शब्द दिसेल, अॅडजर्न्ड. त्या दिवशी मालनबाईंनी त्यांना तिसऱ्यांदा कुशीवर वळवायला घेतलं होतं. मी सांगितलं, "बाबा म्हणताहेत, काम तहकूब."

मालनबाई म्हणाल्या, "तहकूब तर तहकूब. पन पुढली तारीक सांगा. नायतर पाठीला फोड येत्याल आन मग अपील नाय."

बाबा हसले की त्यांच्या डोळ्यांच्या कडेला पाणी यायचं. तसं आलं. आई घाबरून धावत आली होती.

तू हे वाचून काय म्हणशील माहीत नाही. आम्ही सतत रडत नव्हतो, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

श्रीरंग


२२ डिसेंबर २०२५

ताई,

काल रविवारी मालनबाई आल्या होत्या. बाबांच्या तेराव्यानंतर त्या आमच्याकडे पहिल्यांदाच आल्या. आईसाठी बोरं आणली होती. आईजवळ तासभर बसल्या, तिचे पाय चेपून दिले. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो तेव्हा थांबल्या.

"दादा, बडोद्याच्या ताई आल्या न्हाईत का पुन्यांदा?"

मी म्हटलं, "नाही."

"बोलावल्या व्हत्या का?"

मी म्हटलं, "मालनबाई, ती घरातली गोष्ट आहे."

"व्हय की. घरातलीच हाय. म्या काय घरातली नाय." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पन बोट माझं व्हतं ना तक्त्यावर."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"नाय येत. डोळे मिटलेले तर कळत्यात. त्या पोटवाल्यावर रोज मिटायचे सायेब. आन तुमी आईला सांगायचे, पानी मागत्यात. दादा, पोटवाल्यावर पानी येत नाय. पानी लई खालच्या वळीत, दोन खड्ड्यांचं अक्षर. एवढं शिकलेय म्या."

मी फाटकाची कडी काढली. त्या म्हणाल्या, "मला सांगू नका. ज्याचं हाय त्याला सांगा." आणि रिक्षात बसून गेल्या.

रोजनाम्याची शेवटची वही हरवलेली नाही. माझ्या कपाटात आहे.

१७ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास बाबांनी आठ अक्षरं सांगितली. मग डी. मी आठ अक्षरांचं पान काढून वाचायला लागलो. पहिला शब्द डॅफोडिल. दुसरा डॉटर. दुसऱ्यावर बाबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मी मराठीत विचारलं, "ताईला बोलवू?" त्यांनी परत डोळे मिटले. मी म्हटलं, "लगेच फोन करतो."

मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच शब्द पुन्हा काढला. मी म्हटलं, "फोन केला होता. तिला सुट्टी मिळत नाही म्हणाली."

तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर हो आहे. बोलावलं होतं.

आणखी एक लिहायला हवं. नळी बसवायच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात आपलं भांडण झालं. तू म्हणालीस, बाबांना विचारा, त्यांना असं जगायचं आहे का ते. मी म्हणालो, तुला बाबा नको आहेत. तू निघून गेलीस. नंतर मी तुला कळवलं की तुझं बोलणं बाबांना समजलं आहे आणि ते तुझं नाव काढू देत नाहीत. ते खोटं होतं. बाबांना त्या भांडणातलं काहीच माहीत नव्हतं. ते तुझ्यावर कधीच रागावलेले नव्हते.

मी असं का केलं, तर मला भीती वाटत होती. गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये एकदा त्यांनी सहा अक्षरी शब्द काढला होता, इनफ. मी विचारलं, पंखा पुरे? डोळे उघडेच. जेवण पुरे? उघडेच. तिसरं मी विचारलं नाही. तू आली असतीस तर तू तिसरं विचारलं असतंस. दवाखान्याच्या कागदांवर सहीचा अधिकार माझा होता, मुलगा म्हणून, पण विचारलं तूच असतंस.

मालनबाई म्हणाल्या त्या अक्षराचं आज लिहवत नाही.

श्रीरंग


९ जानेवारी २०२६

ताई,

तुझं उत्तर नाही. ते यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण अर्धंच सांगून थांबलो तर मागच्या पत्राला काही अर्थ राहत नाही.

सुट्टी नाही असं मी सांगितल्यावर दीड दिवस बाबा काहीच बोलले नाहीत. आकडे म्हटले की समोर बघत राहायचे. २० जानेवारीला सकाळी त्यांनी पाच अक्षरं सांगितली, डब्ल्यू. मला वाटलं पाणी. मी पान काढून आधी वॉटरच वाचला. डोळे उघडे. मग वरपासून वाचत आलो. व्हील, व्हाइट, वर्ल्ड, वरी. शेवटून दुसरा शब्द राइट होता, लिहिणे. त्यावर मिटले.

मी विचारलं, "तिला पत्र लिहू?" मिटले.

फोनवर नुसतं सांगितलेलं बाबांना कधीच पटायचं नाही. कागद गेला की माणसाला विचार करावा लागतो, असं ते म्हणायचे. मी म्हणालो, लिहितो. दुपारी कामावर निघताना म्हणालो, लिहिलं, टाकलं पेटीत. त्यांनी रोजनाम्यावर सही केली.

पत्र बडोद्याला पोचायला चार दिवस त्यांनी धरले असावेत. २४ तारखेपासून सुरू झालं. पाच अक्षरं. आर. रेडिओ, रीच, रेडी, रिप्लाय.

उत्तर.

मी म्हणायचो, "अजून नाही आलं, बाबा." दुसऱ्या दिवशी पुन्हा. आई देवघरातून विचारायची, काय म्हणताहेत रे? तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी म्हणायचो, पाणी मागताहेत. २८ तारखेला रिप्लायनंतर आणखी एक शब्द आला, पाच अक्षरी, अगेन. पुन्हा लिही. मी म्हणालो, पुन्हा लिहितो. ४ फेब्रुवारीपर्यंत रोज. ५ तारखेला सकाळी मी तक्ता काढायच्या आधीच सगळं संपलं. रोजनाम्यात तो शब्द बारा वेळा आहे, माझ्याच अक्षरात. गाळता आला नसता. गाळला असता तर त्यांनी सही केली नसती.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलीस तेव्हा मी सगळं उरकून बसलो होतो. उशीर होईल म्हणून उरकलं, असं तुला सांगितलं. तुला त्यांचं तोंड बघू द्यायचं नव्हतं, असं नाही. त्यांच्यासमोर तू उभी असताना मला तिथं उभं राहायचं नव्हतं.

मागच्या पत्रात मी भीतीचं कारण दिलं. ते खरं आहे, पण सगळं नाही. भीती डिसेंबरात होती. जानेवारीत ते आणखी महिनाभरही काढतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तुझ्या येण्यानं तेव्हा फार काही बदललं नसतं. तरी मी तुला बोलावलं नाही.

ताई, लहानपणी रविवारी तुम्ही दोघं कोडं सोडवायला बसायचा. मी मागं उभा राहायचो. बाबा विचारायचे, "सात अक्षरी, मधे के." तू पटकन सांगायचीस. ते मान डोलवायचे आणि पेन तुझ्या हातात द्यायचे. त्यांनी मला कधी नको म्हटलं नाही. विचारलंही नाही. माझं इंग्रजी कच्चं होतं, त्यांना वेळ लागला असता.

त्या दीड वर्षात ती वही माझ्या हातात होती. मला पानं पाठ झाली. काही शब्दांना तर मी वही न बघता पोचायचो आणि बाबा डोळे मिटायच्या आधी किंचित थांबून माझ्याकडे बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा. तू आली असतीस तर पहिल्याच दिवशी वही तुझ्याकडे गेली असती. तू माझ्यापेक्षा भरभर सांगितलं असतंस आणि ते बरोबरच झालं असतं.

एवढंच कारण. त्यासाठी मी बाबांना बारा दिवस वाट बघायला लावली. तू उत्तर दिलं नाहीस असं समजून ते गेले.

श्रीरंग


२२ जानेवारी २०२६

ताई,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. आई घेऊन येते आहे.

सोमवारी मी तिला सगळं सांगितलं. तू सांगितलं नव्हतंस, हे तिच्या बोलण्यावरून कळलं. ती तुझ्याशी वर्षभर बोलत नव्हती, बापाला बघायला आली नाहीस म्हणून. हे मला माहीत होतं आणि मी ते तसंच चालू दिलं.

ती गहू निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "वाच ते." मी शेवटची वही काढून वाचली. प्रत्येक तारीख वाचायला लावली. बाराव्या वेळेला मी थांबलो तर म्हणाली, "पुढे."

मी म्हटलं, "पुढे नाही."

मग तिनं विचारलं, "तू पाणी म्हणायचास, ते हेच?"

मी म्हटलं, "हो."

"मी कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले करत होते. रोज. ते माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, बरं वाटतंय." ती एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. ताट परत पुढं घेतलं आणि निवडलेले गहू पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली.

मंगळवारी सकाळी तिनं विचारलं, बडोद्याला गाडी कोणती जाते. मी म्हटलं, मी घेऊन जातो. ती म्हणाली, "तू नको." मग चहा झाल्यावर म्हणाली, "तिथीनं २६ तारखेला येतं ते वर्षश्राद्ध सई करील. तिकडे दांडिया बाजारात आपले मराठी गुरुजी मिळतात, सरूमावशीच्या वेळी मिळाले होते. तू बसू नकोस."

मुलगी श्राद्ध करते का, हे मी तिला विचारलं नाही. इथल्या गुरुजींना मी फोन करून सांगितलं की या वर्षी आमच्याकडे नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ताईकडे आहे.

बाबांची लांब वही आणि रोजनाम्याच्या तिन्ही वह्या आईच्या निळ्या पिशवीत आहेत. या वेळी नक्कल नाही, मूळच पाठवतो आहे. पिशवी जड आहे. ती स्वतःजवळ ठेवणार म्हणते, डिकीत ठेवू देत नाही. गोळ्यांची डबी वरच्या कप्प्यात आहे. पांढरी गोळी जेवणाआधी.

गाडीचं तुला मेसेजवर आधीच कळवलं आहे, आज संध्याकाळी सात वाजता निघते, उद्या सकाळी साडेसहाला पोचते. खालची सीट मिळाली आहे. तिला गाडीची शेवटची पायरी उतरता येत नाही, तू खाली उभी राहा, हेही त्यातच लिहिलं आहे. ती माझ्याबद्दल काही बोलली तर ऐकून घे. बोलली नाही तर विचारू नकोस.

बाबांचं एक उत्तर तुझ्याकडे राहिलं आहे. पत्र मी आता पोचवलं आहे, वर्षभर उशिरानं. उत्तर मला पाठवू नकोस. २६ तारखेला दर्भ हातात घेशील तेव्हा त्यांनाच सांग.

श्रीरंग